बॅक्टेरियांनी तयार केलेलं प्लास्टिक (पीएचबी): आपल्या साखर कारखान्यांना जोडून होईल का?

कृष्णाकाठची

मागे कंपोस्टेबल पिशव्यांवर चर्चा चालली होती तेव्हा मी लिहिलं होतं की खरोखरचं नैसर्गिक प्लास्टिक बॅक्टेरिया तयार करतात. त्यावर बऱ्याच जणांनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं म्हणून वेगळा धागा काढतेय. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, एमएस्सीपासून याच्यावर काम केलंय आणि आता शिकवतेही हेच, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

पीएचबी म्हणजे पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट. काही बॅक्टेरियांना साखर भरपूर मिळाली पण नायट्रोजन किंवा फॉस्फरस कमी पडला की त्यांना नवीन पेशी करता येत नाहीत, मग आलेली साखर ते पुढच्या वाईट दिवसांसाठी साठवून ठेवतात, आपल्या अंगावर चरबी साठते तशी. फक्त त्यांची ही चरबी म्हणजे एक पॉलिएस्टर असतं. पेशीत गोल गोल दाणे तयार होतात, पाव ते अर्धा मायक्रॉनचे, आणि नीट उपाशी-तुपाशी ठेवलं तर वाळलेल्या पेशीच्या वजनात ऐंशी टक्क्यांपर्यंत नुसतं पीएचबी असू शकतं. सुदान ब्लॅकनं रंगवून मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन लेन्सखाली बघितलं की गुलाबी पेशीत निळे-काळे ठिपके गच्च भरलेले दिसतात. मी दर वर्षी मुलांना दाखवते आणि दर वर्षी मलाच परत बघावंसं वाटतं.

हे काही नवीन नाही. फ्रान्सच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मॉरिस लमवान्य यांनी १९२६ साली बॅसिलस मेगाटेरियममध्ये हे शोधलं, म्हणजे शंभर वर्षं झाली. ऐंशीच्या दशकात ब्रिटनच्या आयसीआय कंपनीनं बायोपोल नावानं ते बाजारात आणायला घेतलं, १९९० मध्ये जर्मनीत वेला कंपनीच्या शाम्पूच्या बाटल्या त्याच्या निघाल्या. पुढे ते मोन्सँटोकडे गेलं, मग मेटाबोलिक्सकडे. मेटाबोलिक्स आणि एडीएम (धान्यावर प्रक्रिया करणारी मोठी अमेरिकन कंपनी) यांनी मिळून अमेरिकेत आयोवा राज्यात क्लिंटनला मक्याच्या साखरेवर मोठा प्लांट टाकला, २०१२ साली एडीएम बाहेर पडली आणि तो बंद झाला. डॅनिमर नावाची कंपनी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. जपानची कानेका मात्र वनस्पती तेलावर बॅक्टेरिया वाढवून टिकून आहे.

आता माझा मुद्दा. बॅक्टेरिया शंभर वर्षांपासून आपलं काम चोख करतायत. अडलंय ते पैशाच्या हिशोबावर आणि पॉलिमर पेशीतून बाहेर काढण्यावर. या दोन्ही गोष्टी सुटल्याच तर स्वतंत्र फॅक्टरीत सुटणार नाहीत, साखर कारखाना आणि डिस्टिलरीच्या आवारातच सुटतील असं मला मनापासून वाटतं, आणि ते ब्राझीलनं करून दाखवलंय. साओ पाउलो राज्यात सेरानाच्या उझिना दा पेद्रा या कारखान्याला जोडून १९९५ मध्ये पायलट प्लांट सुरू झाला. उसाची साखर, बगॅसवरची (उसाच्या चोथ्यावरची) वाफ आणि वीज, आणि पीएचबी बाहेर काढायला सॉल्व्हंट म्हणून डिस्टिलरीतच निघणारं आयसोअमाइल अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल काढताना वेगळ्या निघणाऱ्या जड अल्कोहोलच्या मिश्रणातलं, फ्यूजल ऑइलमधलं. राहिलेलं पाणी परत उसाला. बाहेरून जवळजवळ काही आणायचं नाही. बॅक्टेरियापण तिथल्याच उसाच्या शेतातल्या मातीतून निघाला, बर्खोल्डेरिया सॅकराय, कारण पीएचबीसाठी नेहमी वापरतात तो क्युप्रियाव्हिडस बॅक्टेरिया आपली साखर, म्हणजे सुक्रोज, सरळ खात नाही, आधी तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोज करून द्यावं लागतं.

इथे कारखान्यातले, शेतीतले, प्लास्टिकच्या धंद्यातले लोक आहेत हे मला माहितीये, म्हणून विचारतेय. आपल्याकडे हे कुठे अडेल?

---

डिस्टिलरीवाला

ताई छान लिहिलंय. मी डिस्टिलरीत केमिस्ट आहे, कारखान्याचं नाव नको. फ्यूजल ऑइलचं वाचून बरं वाटलं, आमच्याकडे रेक्टिफायर कॉलमवरून काढून ड्रमात भरून विकतो आणि त्याचे फार काही पैसे होत नाहीत.

पण दोन गोष्टी सांगतो. पहिली, मोलॅसिस (मळी) आता वेस्ट राहिलेलंच नाहीये. एक टन सी-हेवी, म्हणजे साखर काढून उरलेल्या शेवटच्या, मोलॅसिसमधून आम्ही साधारण सव्वादोनशे लिटर इथेनॉल काढतो आणि त्याला सरकारनं २०२४-२५ च्या हंगामासाठी लिटरला ५७ रुपये ९७ पैसे दर दिलेला, म्हणजे टनामागे १३ हजार झाले. त्याच टनात साखर धरा साडेचारशे किलो. तुमच्या पीएचबीला किलोमागे किती साखर लागते? तीन किलो लागत असेल तर दीडशे किलो माल निघणार, म्हणजे नुसतं इथेनॉलशी बरोबरी करायला किलोला ८७ रुपये पाहिजेत, तेही वीज, माणसं, मशिनरी, व्याज काहीच न धरता. पॉलिथिनचा दाणा तयार शंभरच्या अल्याड-पल्याड मिळतो. कुठला एमडी सही करेल?

दुसरी, आमचं फर्मेंटेशन आणि तुमचं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. यीस्टला आम्ही पीएच साडेचारच्या आसपास ठेवतो, अल्कोहोल चढत जातं तसे बाकीचे जंतू मागे पडतात, त्यामुळे सगळं स्टरलाइज करत बसावं लागत नाही आणि हवाही लागत नाही. तुमच्या बॅक्टेरियाला पीएच सातच्या आसपास पाहिजे, हवा भरपूर पाहिजे आणि सातच्या पीएचला, साखरेच्या पाण्यात, हवेत कोण कोण वाढतं ते मी सांगायला नको. म्हणजे स्टरलायझेशनची वाफ आली आणि कॉम्प्रेसरची वीज आली. आमच्या टाक्या यासाठी चालणार नाहीत, नवीन फर्मेंटर घ्यावे लागतील आणि ते स्वस्त नसतात.

---

कृष्णाकाठची

> तीन किलो लागत असेल तर

दादा अगदी बरोबर धरलंत, ब्राझीलवाल्यांचा आकडापण तीन किलोच्या आसपासचाच होता. आणि तुमचा हिशोब मला मान्य आहे, त्यामुळेच मी शीर्षकात मोलॅसिस लिहिलं नाही. इथेनॉल नव्हतं तेव्हा मोलॅसिस वेस्ट होतं, आता ते कच्चा माल आहे आणि बगॅसपण, कोजन (कारखान्यातली वीजनिर्मिती) आल्यापासून. सेरानाचा मोठा प्लांट शेवटी झालाच नाही त्याचं कारणही बरंचसं हेच आहे, इतकी साखर ओतून निघणारा माल साध्या प्लास्टिकशी भावात टिकत नाही.

हवेचं म्हणाल तर खरंय, डिझॉल्व्ह्ड ऑक्सिजन पडला की सगळी बॅच लंगडी होते. स्टरलायझेशनवर मात्र दोन मार्ग निघालेत, एक खारट पाण्याचा आणि एक मिश्र कल्चरचा. कोणी त्यातलं जाणकार असेल तर लिहा, नाहीतर मी रात्री लिहिते.

---

अण्णा_वाई

लेख आवडला. पण मला एक कळत नाही, बाजारात "बायोडिग्रेडेबल" म्हणून हिरव्या पिशव्या आधीच मिळतायत की. भाजीवाला देतो. मग हे नवीन कशाला?

---

रसायनी_अनघा

अण्णा, त्या पिशव्या वेगळ्या. कंपोस्टेबल म्हणून सीपीसीबीचं (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) सर्टिफिकेट घेऊन ज्या विकल्या जातात त्या बहुतेक पीबीएटी आणि स्टार्चच्या असतात आणि पीबीएटी पेट्रोलियमपासूनच बनतं. पीएलए हा तिसरा प्रकार, त्यात बॅक्टेरिया फक्त लॅक्टिक अॅसिड करतात, पुढचं पॉलिमर आपण रिअॅक्टरमध्ये बांधतो. पुण्याच्या प्राज कंपनीनं जेजुरीला २०२४ मध्ये त्याचाच डेमो प्लांट सुरू केला आणि उत्तर प्रदेशात बलरामपूर चिनीवाले उसाच्या साखरेपासून पीएलएचा मोठा कारखाना उभारतायत. पण पीएलए घरच्या मातीत पुरलं तर लवकर कुजत नाही, त्याला साठ डिग्रीजवळचं इंडस्ट्रियल कंपोस्टिंग लागतं. पीएचबी साध्या मातीत आणि समुद्राच्या पाण्यातपण कुजतं, हा फरक फार मोठा आहे. अर्थात वस्तू जाड असेल तर वेळ लागतोच, पातळ फिल्म काही महिन्यांत जाते.

आता माझं रडगाणं. मी चाकणला इंजेक्शन मोल्डिंगमध्ये आहे, एका ट्रायलसाठी पीएचबीचा दाणा चालवला होता. वितळतं १७५-१८० ला आणि तुटायला सुरुवात होते जवळपास तिथेच. म्हणजे पॉलिप्रॉपिलीनला मी जशी वीस-तीस डिग्री वर-खाली करून सेटिंग शोधते तसं इथे करताच येत नाही. बॅरलमध्ये दोन मिनिटं जास्त राहिलं की क्रोटोनिक अॅसिडचा उग्र वास येतो, मेल्ट पाण्यासारखं पातळ होतं आणि पीस तपकिरी पडतो. शिवाय मोल्डमधून काढल्यावर पीस छान वाटतो, आणि शेल्फवर ठेवून दोन आठवड्यांनी वाकवला तर कडकन तुटतो कारण आत क्रिस्टल वाढत राहतात. पॉलिप्रॉपिलीन तुटायच्या आधी चारपट-पाचपट ताणतं, हे पाच टक्केपण ताणत नाही.

उपाय आहेत, व्हॅलरेट घातलेलं पीएचबीव्ही घ्यायचं, त्याचा मेल्टिंग पॉइंट खाली येतो आणि जरा मऊपण होतं. किंवा कानेका करते तसं हेक्झानोएटवालं. पण कॉलेजात चकती पाडून "प्लास्टिक तयार झालं" असं जे फोटो येतात ना पेपरात, त्यांच्यापासून दुकानातल्या वस्तूपर्यंत बरंच अंतर आहे हे सांगावंसं वाटलं.

---

बांधावरून

मी नारायणगावचा, टोमॅटो, मिरची, कलिंगड करतो. हे सगळं वाचत होतो, केमिस्ट्री अर्धी डोक्यावरून गेली पण मातीत कुजतं हे वाचून थांबलो.

आमच्या भागात आता मल्चिंग पेपरशिवाय कोणी टोमॅटो लावत नाही. तण थांबतं, पाणी कमी लागतं, फळ चकचकीत. पण पीक काढल्यावर तो पेपर काढायचा म्हणजे डोकेदुखी आहे हो. पंचवीस मायक्रॉनचा पातळ पेपर, वर मुळ्या, ठिबकच्या नळ्या, वाळलेले वेल, ओढला की फाटतो. बायका लावून काढावा लागतो आणि मजूर मिळत नाही तेव्हा कोणी सरळ रोटर मारतो, तुकडे रोटरच्या दांड्याला गुंडाळून बसतात आणि बाकीचे मातीत. मग पुढच्या पिकात बेड फोडला की काळे तुकडे दिसतात. काढलेला पेपर मातीनं भरलेला म्हणून भंगारवाला घेत नाही, शेवटी बांधावर पेटवतात, त्या धुराचा वास सगळ्या वस्तीला.

असं काही निघालं की जे पीक संपलं की रोटर मारून मातीत मिसळायचं आणि विसरायचं, तर मी आज घेतो. किंमत काय पडेल ते सांगा.

---

कृष्णाकाठची

दादा तुमच्या या पोस्टसाठीच धागा काढला असं समजा. माझ्या मते पीएचबीची खरी जागा कॅरीबॅग नाहीच, जे प्लास्टिक परत गोळा करताच येत नाही ते. मल्चिंग, नर्सरीच्या पिशव्या, रोपांचे ट्रे, सावकाश विरघळणाऱ्या खताचं कोटिंग.

किमतीचं कागदावर मांडते. चार फुटी, ४०० मीटरचा, २५ मायक्रॉनचा रोल म्हणजे पॉलिथिन साधारण ११ किलो. एकराला पाच रोल धरले तर ५५ किलो. पीएचबी पॉलिथिनपेक्षा जड असतं, घनता १.२५ च्या आसपास, त्यामुळे तेवढीच फिल्म ७५ किलोची होईल. आणि पीएचएचा (पीएचबी ज्या पॉलिमर कुटुंबातलं आहे त्याचा) दाणा आज किलोला चारेकशे रुपयांच्या खाली मिळणं अवघड आहे. म्हणजे नुसता दाणा एकरी ३० हजार, फिल्म ओढायचा खर्च वेगळा. तुम्ही सध्या पाच रोलला जे देता त्याच्या तिपटीच्या आसपास जाईल.

यातून तुमची काढायची मजुरी वजा करा, तरी जुळत नाही हे मला कळतंय. अनुदान साध्या मल्चिंगवर जसं मिळतं तसं मातीत कुजणाऱ्यावर जास्त दिलं तर चित्र बदलेल. युरोपात मातीत कुजणाऱ्या मल्चिंगसाठी २०१८ पासून ईएन १७०३३ असं वेगळं स्टँडर्ड आहे, दोन वर्षांत मातीत नव्वद टक्के कुजलं पाहिजे अशी अट. तिथेही सध्या बहुतेक फिल्म पीबीएटीचं मिश्रणच असतं, पीएचए त्यात थोडं थोडं शिरतंय.

---

बांधावरून

तिप्पट नाही परवडणार ताई, खरं सांगतो. दीडपट असतं तर घेतला असता, काढायची मजुरी आणि रोटरचा खोळंबा धरून. तेवढ्यात बसवा.

---

डेल्फ्टकर

कृष्णाकाठची, मिश्र कल्चरबद्दल मी लिहितो, नेदरलँड्समध्ये सांडपाण्याच्या क्षेत्रात काम करतो.

यात शुद्ध कल्चर नाही, स्टरलायझेशन नाही. ओला कचरा किंवा कारखान्याचं गोड सांडपाणी आधी हवा न देता आंबवायचं, त्याचं अॅसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अॅसिड होतं. हे पाणी मग गाळातल्या साध्या मिश्र बॅक्टेरियांना द्यायचं, पण एकदम द्यायचं आणि मग कित्येक तास उपाशी ठेवायचं. परत द्यायचं, परत उपाशी. ज्यांनी भराभर खाऊन साठवून ठेवलं तेच उपासाच्या काळात वाढतात, बाकीचे हळूहळू धुवून जातात. काही आठवड्यांत टाकीत साठवणाऱ्यांचंच राज्य होतं. डेल्फ्टच्या विद्यापीठात अशाच टाकीतून प्लास्टिसिक्युम्युलान्स अॅसिडिव्होरान्स नावाचा बॅक्टेरिया मिळाला, तो काही तासांत स्वतःच्या वजनाच्या नव्वद टक्क्यांजवळ पीएचबी भरतो. इथे फेख्खल गावात मार्सच्या चॉकलेट कारखान्याच्या सांडपाण्यावर त्याचा पायलट झाला होता.

मला वाटतं महाराष्ट्रासाठी हाच रस्ता बरा. कारण यात कच्चा माल साखरच पाहिजे असं नाही. मार्केट यार्डातला सडका कांदा, टोमॅटो, द्राक्षं, केळी, पल्पच्या कारखान्यांची साल-कोय, डेअरीचं व्हे, जे आंबेल ते चालेल, आणि त्याला आज कोणी पैसे देत नाही उलट उचलायला पैसे जातात. शिवाय हंगाम बदलला, कांद्याऐवजी टोमॅटो आला तरी शुद्ध कल्चर जसं रुसतं तसं हे रुसत नाही, फक्त अॅसिडचं प्रमाण बदलतं आणि त्याबरोबर पॉलिमरपण. प्रोपिऑनिक जास्त असेल तर व्हॅलरेट जास्त येतं, म्हणजे अनघाताईंना पाहिजे ते मऊ पीएचबीव्ही.

अडचण अशी की पॉलिमरची क्वालिटी बॅचप्रमाणे हलते आणि पेशीतून काढणं जास्त किचकट होतं, कारण मिश्र बॅक्टेरियांच्या पेशी चिवट असतात. खाण्याच्या वस्तूंच्या पॅकिंगला ते देणार नाहीत. पण मल्चिंगला कोण विचारतो?

---

पेडणेकर_गोंय

खारट पाण्याचा मार्ग म्हणालात म्हणून लिहितो. आमच्या पेडण्यात आगरवाड्याला मिठागरं आहेत, लहानपणापासून बघतोय, पाणी आटत आलं की लालसर गुलाबी दिसतं. ते गुलाबी रंगाचे जीव म्हणजे मीठ आवडणारे आर्किया, बॅक्टेरियासारखे पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव. बिट्स पिलानीच्या गोवा कॅम्पसमध्ये गोव्यातल्या आणि तामिळनाडूतल्या मिठागरांमधून असले जीव वेगळे करून त्यातले कुठले पीएचए साठवतात हे तपासलं गेलं, २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पुढे २०१७ मध्ये हॅलोजिओमेट्रिकम बोरिन्क्वेन्स या जातीला उसाच्या बगॅसचा अर्क देऊन पीएचबीव्ही काढल्याचंही आलं. वेगळं प्रोपिऑनिक घालायची गरज पडत नाही, ते स्वतःच व्हॅलरेट घालतात.

याची मजा अशी की वीसेक टक्के मिठात दुसरं काही वाढतच नाही, त्यामुळे वाफेचं स्टरलायझेशन लागत नाही. आणि पॉलिमर काढायचं तर पेशी साध्या गोड्या पाण्यात टाकायच्या, आतलं मीठ आणि बाहेरचं पाणी, पेशी फुटतात, दाणे मोकळे. क्लोरोफॉर्म नको, काही नको.

शेतकऱ्याला लागेल ते सगळं यात आहे असं मला वाटत होतं. मग हे कुठेच मोठ्या प्रमाणावर का नाही?

---

डिस्टिलरीवाला

कारण मीठ. वीस टक्के मिठाच्या पाण्यात स्टेनलेस स्टीलपण टिकत नाही, खड्डे पडतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शेवटचं पाणी टाकायचं कुठं? समुद्रकाठी ठीक आहे, तुमच्याकडे परत मिठागरात सोडाल. आमच्याकडे वाळवा, शिरोळ भागात आधीच हजारो एकर क्षारपड झालीये, जास्त पाणी आणि जास्त खतानं. तिथं खारं पाणी शेतात सोडायची गोष्ट काढली तरी लोक गेटवर येतील आणि बरोबर येतील.

स्पेंटवॉशवर (इथेनॉल काढून राहिलेल्या सांडपाण्यावर) हॅलोफेरॅक्स, तसलाच मीठ आवडणारा जीव, वाढवल्याचं मीपण वाचलंय. इथेनॉलच्या लिटरमागे आठ-दहा-पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो आमचा, त्याचं काहीतरी होत असेल तर मी सगळ्यात आधी उभा राहीन. पण त्यातले फिनॉल आधी कोळशावर धरून काढावे लागतात, आणि मग ते मीठ.

डेल्फ्टकरांचं मिश्र कल्चर मात्र मला पटतंय. आमच्याकडे स्पेंटवॉशचा बायोगॅस डायजेस्टर आहेच, त्याची पहिली पायरी अॅसिडचीच असते. ती तिथंच थांबवून अॅसिडचं पाणी बाजूला घेता येईल, म्हणजे अर्धी व्यवस्था आणि चालवणारी माणसं आधीच आहेत. वीज आणि वाफ हंगामात आमची. ऑफ सीझनला बॉयलर बंद असतो तेव्हा काय, तो प्रश्न राहतो.

---

कृष्णाकाठची

डेल्फ्टकर आणि पेडणेकर, दोघांचे आभार, एवढं नीट मला लिहिता आलं नसतं.

पाचटाचा विषय कोणी काढला नाही म्हणून मीच काढते कारण लोक पहिल्यांदा तेच सुचवतात, "पाचट जाळतात त्यापेक्षा बॅक्टेरियाला द्या". पाचटातली साखर सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजमध्ये अडकलेली असते. ती सोडवायला पातळ अॅसिड किंवा वाफेचा दाब द्यायचा, मग एन्झाइम. अॅसिडनं साखर सुटते तशी थोडी जळतेही, फरफ्युरल तयार होतं, शिवाय अॅसिटिक अॅसिड आणि लिग्निनचे फिनॉल, आणि हे सगळं बॅक्टेरियाला बाधतं. ती काढून टाकायची म्हणजे अजून एक पायरी. हेमिसेल्युलोजमधून निघणारी झायलोज साखर क्युप्रियाव्हिडस खात नाही, सॅकराय खातो. पाचट शेतातून गोळा करून आणायचा खर्च वेगळा. माझं मत विचाराल तर पाचट शेतातच कुट्टी करून कुजवावं, जमिनीला त्याची गरज जास्त आहे.

म्हणून मी डेल्फ्टकरांच्या बाजूची. मार्केट यार्डातला ओला माल, कारखान्याचा डायजेस्टर, फ्यूजल ऑइल आणि नारायणगाव-जुन्नरसारखा मल्चिंगचा मोठा गिऱ्हाईक भाग, हे शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत आहे आपल्याकडे. असं ब्राझीललाही नव्हतं, त्यांच्याकडे ऊस होता पण गिऱ्हाईक दूर देशात.

---

रसायनी_अनघा

मल्चिंगला मात्र ब्लोन फिल्म लागते, म्हणजे फुगा करून ओढतात. शुद्ध पीएचबीचा फुगा उभाच राहत नाही, मेल्टला ताकदच नसते. मिश्र कल्चरच्या मालात व्हॅलरेट पंधरा-वीस टक्के आलं आणि सोबत पीबीएटी घातलं तर ओढता येईल असं वाटतं. सुरुवातीला फिल्मच्या मागे लागू नका, नर्सरीच्या कुंड्या आणि ट्रे घ्या, जाड माल आहे, मोल्ड होतो आणि रोपासकट जमिनीत लावता येतो. त्यात भुसा किंवा बगॅसची पावडर तीस टक्के मिसळली की दाणापण वाचतो.

बांधावरून दादा, तुमच्याकडे रोपं नर्सरीतून येतात ना?

---

बांधावरून

हो, सगळी नर्सरीतून, कोकोपीटवर, काळ्या ट्रेमध्ये. ट्रे परत नेतात नर्सरीवाले. पण आंबा, डाळिंब, पेरूची रोपं काळ्या पिशवीत येतात आणि ती पिशवी फाडून खड्ड्याशेजारीच पडते. ती कुजणारी केली तर मुळंपण दुखावणार नाहीत. दोन-पाच रुपये जास्त गेले रोपामागे तरी कोणी कुरकुर करणार नाही, रोपच शे-दीडशेचं असतं.

---

कृष्णाकाठची

हे एकदम नेमकं सांगितलंत. फिल्मच्या हिशोबात जे बसत नाही ते इथे बसतं, कारण पिशवीचं वजन काही ग्रॅमच असतं आणि रोपाची किंमत तिच्या कितीतरी पट. दहा ग्रॅमची पिशवी धरली तरी चारशे रुपये किलोनं चार रुपये.

डाळिंबावरून आठवलं. तेल्या रोग करणारा झँथोमोनास आणि कोबीवरचा घाण्या रोग करणारा झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस हे एकाच कुळातले, आणि कॅम्पेस्ट्रिसपासूनच झँथन गम तयार होतो, आईसक्रीम, सॉस, टूथपेस्ट, तेलविहिरीच्या चिखलात वापरतात तो. अमेरिकेच्या शेती खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत अॅलिन जीन्स यांच्या गटानं तो शोधला आणि १९६९ मध्ये तिथे खाद्यपदार्थांत वापरायला परवानगी मिळाली. पानावर तो बॅक्टेरिया जो चिकट थर करतो तोच हा पॉलिमर. शिवाय तो पेशीच्या बाहेर सुटतो त्यामुळे पेशी फोडाव्या लागत नाहीत. बॅक्टेरियल पॉलिमर म्हणजे फक्त प्लास्टिक नव्हे एवढ्यासाठी सांगितलं.

---

पेडणेकर_गोंय

नारळाच्या पाण्याचंही सांगा मग. केरळात मलाई नावानं एक उद्योग नारळाच्या वाया जाणाऱ्या पाण्यावर बॅक्टेरियल सेल्युलोज वाढवून, त्यात केळीचा धागा मिसळून चामड्यासारखं कापड करतो. फिलिपिन्समध्ये त्याच बॅक्टेरियाच्या साईला नाता दे कोको म्हणून खातात. आमच्याकडे खोबऱ्याच्या भट्टीवर पाणी ओतूनच देतात.

---

कृष्णाकाठची

हो, कोमॅगाटायबॅक्टर. त्याला हवा ढवळून द्यावी लागत नाही, ट्रेमध्ये स्थिर ठेवलं की वर साय धरते. लहान प्रमाणावर, घरगुती उद्योगासाठी कोकणात आणि गोव्यात पीएचबीपेक्षा हे कितीतरी सोपं. याच्यावर वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन.

---

एसवायबीएस्सी_सांगली

मॅडम मी मायक्रोबायोलॉजीला आहे, प्रोजेक्टला पीएचबी घ्यायचंय. कॉलेजात ऑटोक्लेव्ह, शेकर, मायक्रोस्कोप आणि जुना यूव्ही स्पेक्ट्रो आहे. बॅक्टेरिया विकत घ्यायला बजेट नाही. कुठून सुरुवात करू?

---

कृष्णाकाठची

विकत घेऊ नकोस, मातीतून काढ. साखर कारखान्याच्या कंपोस्ट यार्डची किंवा प्रेसमड टाकलेल्या शेतातली माती घे. पाण्यात कालवून ८० डिग्रीला दहा मिनिटं ठेव, म्हणजे बाकीचे मरतात आणि बॅसिलसचे स्पोअर राहतात. मग साखर दोन टक्के आणि नायट्रोजन अगदी कमी असलेल्या अगारवर पसरव. कॉलनी आल्या की वरून सुदान ब्लॅकचं अल्कोहोलमधलं द्रावण ओत, अर्धा तास ठेव, अल्कोहोलनं हलकेच धू. ज्या निळ्या-काळ्या राहतील त्या तुझ्या. रंग ओतायच्या आधी रेप्लिका प्लेट करून ठेव, नाहीतर त्या परत वाढवता येणार नाहीत.

सुदान ब्लॅक कुठल्याही चरबीला धरतो, त्यामुळे तेवढ्यावर रिपोर्ट लिहू नकोस. पेशी सोडियम हायपोक्लोराइटनं विरघळव, राहिलेला पांढरा गाळ धुऊन वाळव, त्यातला थोडा काँसन्ट्रेटेड सल्फ्युरिक अॅसिडमध्ये उकळत्या पाण्यावर दहा मिनिटं तापव, पीएचबीचं क्रोटोनिक अॅसिड होतं आणि ते २३५ नॅनोमीटरला शोषण दाखवतं. तुमचा स्पेक्ट्रो तिथपर्यंत जातो का बघ, क्युव्हेट क्वार्ट्झचा लागेल, काचेचा चालत नाही. हायपोक्लोराइट राहिलेला असताना अॅसिड अजिबात घालायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो, म्हणून गाळ नीट धुणं महत्त्वाचं.

फिल्म करायची असेल तर वाळलेला गाळ गरम क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून गाळून घे, हे फ्यूम हूडमध्ये आणि सरांसमोरच करायचं. मोलॅसिस वापरणार असशील तर आधी अॅसिड घालून, गरम करून, खाली बसलेला चोथा काढून टाक, त्यातल्या रंगानं फिल्म पिवळी येते. आणि फिल्म काचेच्या पेट्री डिशमध्येच ओत. प्लास्टिकची डिश पॉलिस्टायरीनची असते, क्लोरोफॉर्ममध्ये तीच विरघळते आणि मग वजन करताना फिल्म किती आणि डिश किती ते कळत नाही.